शेवंतामायचा पानघोर

समुद्र आमच्या भागात फक्त भूगोलाच्या पेपरात येतो, आणि तिथेही बरीच मुलं तो प्रश्न सोडून देतात. दारव्ह्याच्या बाजूच्या काळ्या मातीत जन्मून तिथेच मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याला समुद्राबद्दल जे कळलं ते पुस्तकांतून. अपवाद एका जनावराचा. त्या समुद्री जनावराची इत्थंभूत माहिती मला पिकातलं तण निंदणाऱ्या बायांच्या टोळीकडून मिळाली. ते कुठल्याही पुस्तकात नाही, कारण ते शेवंतामायनं स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं आणि आमच्या वावरात वाढवलं होतं.

शेवंता गजभिये ही टोळीची म्होरकी. तिच्यासकट नऊ बाया. गावात अशा आणखी टोळ्या होत्या, पण मालक लोक आधी शेवंतामायच्या दारात जात, कारण तिच्या टोळीत कोणी मागे रेंगाळत नसे. ही शिस्त आहे, असं माझ्या दादाचं मत होतं. दादा आमची शेती बघायचा. मी रविवारी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचो आणि त्याला देखरेख म्हणायचो. पण इतके रविवार बसल्यामुळे मला खरं कारण माहीत झालं होतं. शिस्तबिस्त काही नव्हती. पानघोर होता.

निंदताना बाया एका रांगेत बसतात. प्रत्येकीला पिकाची एक ओळ, तिला तास म्हणायचं. शेवंतामाय मधल्या तासावर. तिचा विळा चालू झाला की गोष्ट चालू. आवाज तिचा मोठा नव्हता, मुद्दाम मोठा करतही नसे. जी मागे पडेल तिला गोष्ट ऐकू येत नसे. ऐकायचं तर हात चालवायचा, एवढा साधा हिशेब. आणि तास संपून धुरा आला की गोष्ट बंद. मग गोष्टीतल्या माणसाचा एक पाय नावेत आणि दुसरा पाण्यात असला तरी तो तसाच लटकत राही.

"मंग काय झालं वं माय त्याचं?" कोणीतरी कळवळून विचारी.

"पुढच्या तासावर सांगीन. उठ."

आणि नऊही बाया पुढच्या तासाला अशा धावत भिडत की दादा खूश होऊन मला म्हणे, "पाह्य, याले म्हंतेत शिस्त."

गोष्टीतल्या समुद्राला काठच नव्हता. माणसं नावांवर जन्मत, नावांवर लग्नं करत, नावेत माती भरून वांगी आणि मिरच्या लावत. रात्रंदिवस धुकं. एका नावेतून दुसरी दिसत नसे, म्हणून सगळ्या नावा एका लांब दोराला बांधलेल्या. आणि खाली, पाण्यात, पानघोर.

त्याला डोळे नव्हते. "डोये असते तं त्याले झाकता आलं असतं," शेवंतामाय म्हणे. अंगभर कान होते. पाठ काळ्या मातीसारखी, पाऊस पडला की फुगणारी आणि उन्हानं भेगाळणारी. तो चावत नसे, ओरबाडत नसे, पाणी उडवत नसे. नावेखाली यायचा, तोंड उघडायचा, आणि माणूस खाली बसल्यासारखा आत जायचा. मागं पाण्यावर फक्त त्याचं फडकं तरंगत राही. शेजारच्याला कळतही नसे.

पण एक होतं. माणसाचा आवाज त्याला काट्यासारखा टोचायचा. बोलणाऱ्याच्या वाटेला तो जात नसे. जो गप्प झाला तो त्याचा. म्हणून धुक्यातल्या त्या माणसांनी एक रीत पाडली होती. पहिल्या नावेतला हूं म्हणे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, पार शेवटच्या नावेपर्यंत. सगळ्यांचे हूं आले की कुंपण पुरं झालं.

गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेवंतामायनं त्या हुंकाराला रांग लावली. ती एक-दोन वाक्यं बोले आणि थांबे. मग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत आठ हुंकार येत. आठवा आला की पुढचं वाक्य. तिनं मान कधी वर केलेली मी पाहिली नाही. कामातही नाही आणि एरवीही नाही. दादाशी मजुरीचं बोलतानासुद्धा ती त्याच्या पायांकडे बघून बोले. मान खाली ठेवूनच तिला सगळ्या टोळीचं कळत असे. एकदा डावीकडून चौथा हुंकार आला, आणि गोष्ट मध्येच तोडून ती म्हणाली, "रुखमे, तू जेवून नाई आली."

रुखमाचा विळा थांबला.

"माह्या फडक्यात भाकर हाय. खाय, मंग निंद. तोवर तुहा तास म्या ओढतो." आणि खरोखर तिनं दोन तास ओढले, एक डाव्या हातानं आणि एक उजव्या, गोष्ट न थांबवता.

मी शिकलेला माणूस. मला हे जनावर सहन होईना. समुद्रात असलं काही नसतं, हे तिला सांगणं मला माझं कर्तव्य वाटलं. एका रविवारी शाळेच्या ग्रंथालयातून सागरी प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत देवमाशाचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. जगातला सगळ्यात मोठा प्राणी, म्हटलं.

तिनं बराच वेळ चित्र पाहिलं. हात मातीचे होते म्हणून पानाला लावले नाहीत.

"बिचारं," ती म्हणाली. "डोये केवढे बारके. हे तं गाईवानी हाय, गुरुजी."

"पण हे खरं आहे. तुमचा पानघोर खरा नाही."

"तुमच्या समुद्रात नसन."

"समुद्र एकच असतो, शेवंतामाय. तुम्ही कधी पाहिला आहे का?"

"नाई पाह्यला," ती म्हणाली. "आयकला."

मग भाकरी बांधता बांधता तिनं सांगितलं. लहानपणी सहा डिसेंबरला ती आईबरोबर मुंबईला चैत्यभूमीवर गेली होती. गर्दीत आईचा हात सुटला. पुढे माणसांच्या पाठी, मागे माणसांची पोटं, समुद्र कुठे दिसेचना, नुसता मोठा आवाज येत होता. ती 'माय, माय' करून ओरडली. तिचा आवाज समुद्राच्या आवाजात गेला. भोंग्यावरून हरवलेल्यांची नावं पुकारत होते, अमक्या गावची अमकी इथे आहे. दुपारभर ती नावं ऐकत उभी राहिली. ओरडून घसा बसला होता. शेवटी कोणा बाईनं तिला विचारलं, "पोरी, तुझं नाव काय?" तिला आवाज काढता येईना. नुसतं हूं म्हणाली. त्या बाईनं तेवढ्यावर तिला उचलून भोंग्याजवळ नेलं.

"माय भेटली का?" मी विचारलं.

"तं? नसती भेटली तं तुमच्या वावरात निंदाले कोन आलं असतं?" ती उठली. "चाला वं बायाहो. गुरुजीचा मासा पाहून झाला."

पुढे मी पुस्तक आणलं नाही.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा समित्या जास्त पिकल्या. बोंडांत अळी, भावात मंदी, आणि रस्त्यावर पांढऱ्या गाड्या. एक समिती आमच्या धुऱ्यावर उतरली. तिच्यातले एक मोठे साहेब चप्पल चिखलात रुतू नये म्हणून बोटांवर चालत टोळीपाशी आले. मागे फोटोवाला.

"ताई, तुमच्या व्यथा आम्हाला सांगा," साहेब म्हणाले.

शेवंतामाय त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "आता गोष्ट चालू हाय, साहेब. तासावर बसा, धुऱ्यावर गेल्यावर सांगीन."

साहेबांना हे फार आवडलं. ते रांगेच्या उजव्या टोकाला उकिडवे बसले, विळा हातात घेतला, फोटो झाला. गोष्ट पुढे सरकली. आठ हुंकार आले. नववा साहेबांचा यायला हवा होता. साहेब फोटोवाल्याकडे बघत होते. शेवंतामाय थांबली. सगळ्या बाया थांबल्या. वावरात इतकी शांतता झाली की गाडीच्या ड्रायव्हरनंही मान वळवली.

"हा गेला," शेवंतामाय म्हणाली.

"कोण गेला?" साहेब दचकून म्हणाले.

"आपुनच, साहेब. दोन वाक्यं झाले."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. साहेबही हसले, पण लगेच उठले. समितीच्या अहवालात महिलांच्या पारंपरिक लोककलेविषयी एक परिच्छेद होता, असं मागाहून कळलं. व्यथांचा परिच्छेदही असणार. तो आमच्यापर्यंत आला नाही.

त्याच वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. पाऊस थांबून थांबून आला, झाडं नुसती वाढत सुटली, आणि अळी काही केल्या मरेना. मग फवारणीवर फवारणी. पूर्वी हातपंप असायचा. आता पाठीवर बांधायचा मोटारीचा पंप आला होता. कामाचा उरक मोठा, धुक्यासारखा बारीक फवारा, आणि आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या यायला लागल्या. फवारताना माणसं चक्कर येऊन पडत होती. कोणाची दृष्टी गेली, कोणी परत आलंच नाही. उंच पऱ्हाटीत पडलेला माणूस धुऱ्यावरून दिसत नाही.

शेवंतामायला एकच मुलगा, मिलिंद. बारीक अंगाचा, हसरा, नुकतं लग्न झालेला. त्याची बायको कविता टोळीत सगळ्यात उजव्या टोकाला निंदायची. फवारणीला मजुरी जास्त मिळते म्हणून मिलिंद पंप घेऊ लागला. माय नको म्हणाली. तो हसला. "तुह्या पानघोराले सांग ना माय, मले सोडून दे म्हनाव."

ती त्याच्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी ती टोळी घेऊन आमच्या दारात आली आणि दादाच्या पायांकडे बघत म्हणाली, "भाऊ, फवारनारे तिघं हायेत. पऱ्हाटीचा एक तास सरला का मोटार बंद कराची, तिघांनी हूं म्हनाचं, मंगच दुसरा तास."

दादा म्हणाला, "शेवंतामाय, मोटार बंद करून पुन्हा दोरी ओढाले लागते. याच्यात अर्धा दिवस जाईन."

"जाऊ द्या."

"अवो, गोष्टीतलं जनावर वावरात कायले आनता?"

"तुमी आनलं," ती म्हणाली, आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या औषधाच्या डब्यांकडे हात केला. "कबूल नसन तं निंदन दुसरीकून करून घ्या."

सोयाबीन तणानं भरलं होतं. दादानं कबूल केलं.

तो रविवार. दादा तालुक्याला गेला होता, देखरेख माझ्याकडे. हवा अजिबात नव्हती. आदल्या दिवशी पाऊस होऊन ऊन पडलेलं, जमिनीतून वाफ येत होती. सोयाबीनमध्ये टोळी, शेजारी पऱ्हाटीत तिघं फवारणारे: आमच्या गावचा बबन, तांड्यावरचा गणेश, आणि मिलिंद. मी निंबाखाली.

पऱ्हाटीचा एक तास संपला. मोटारी थांबल्या. शेवंतामायनं सोयाबीनमधून हाक दिली. "हूं," बबन. "हूं, याडी," गणेश. तो तिला त्यांच्या बोलीत आई म्हणायचा. आणि मग मिलिंद गंमत म्हणून गप्प राही. बाया विळे थांबवून बसत. आईचा जीव खालीवर होऊ देऊन मग तो मोठ्यानं "हूंऽऽ" करी आणि बबन हसे. असं सकाळपासून दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा काम खोळंबलं. दादा आल्यावर मला बोलणार होता.

तिसऱ्यांदा मोटारी थांबल्या तेव्हा मी वाचत होतो. बबनचा हूं आला. गणेशचा आला. मग काही नाही.

थोड्या वेळापूर्वी मी मिलिंदला पाण्याच्या डब्याकडे येताना पाहिलं होतं. रुमालानं तोंड पुसत होता. मी धरून चाललो की तो बाभळीआड बसला असेल, नाहीतर पुन्हा चेष्टा चालू असेल. पुस्तकात मी एका चांगल्या पानावर होतो. मी तोंडाभोवती हात धरला, आवाज जरा कोवळा केला आणि म्हणालो, "हूं."

एवढंच. शाळेत एक पोरगं दुसऱ्याची हजेरी लावतं तसं. त्यासाठी मी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं आहे.

बबननं दोरी ओढली. मोटार सुरू झाली.

शेवंतामाय उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला तासाच्या मध्ये उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. ती बबनच्या नावानं ओरडली, पण मोटारीपुढे ते कोणाला ऐकू जाणार? तिनं मातीचं ढेकूळ उचलून पऱ्हाटीत फेकलं, मग दुसरं. तिसऱ्याला मोटार थांबली.

"हा हुंकार बसलेल्या मानसाचा हाय," ती म्हणाली. "उभ्या मानसाचा नाई."

तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे घारे होते हे मला त्या दिवशी कळलं.

"गुरुजी, माहा पोरगा कुठं हाय?"

"पाणी प्यायला गेला असेल," मी म्हणालो. "मी त्याला..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. "पदर तोंडाले बांधा," ती बायांना म्हणाली. "जिचा तास तिनं धरा. मागंपुढं होऊ नका. चाला."

निंदायला बसतात त्याच क्रमानं नऊ बाया पऱ्हाटीच्या नऊ ओळींत शिरल्या, आणि दोन पावलांत दिसेनाशा झाल्या. बबन आणि गणेश पंप टाकून पलीकडून निघाले. मी धुऱ्यावर उभा. मला फक्त शेंडे हलताना दिसत होते आणि आवाज येत होता. या वेळी गोष्ट नव्हती. नुसते हुंकार, डावीकडून उजवीकडे. एक, दोन, तीन. मधला शेवंतामायचा. मग पुढचे, आणि टोकाचा कविताचा. पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीला आवाज लांब जात होता. मी मोजत होतो. दुसरं काही करण्यासारखं माझ्याजवळ उरलं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या फेरीला आठ हुंकार आले. नववा आला नाही.

सगळे शेंडे एकदम थांबले. मग बाकीच्या आठही जणी उजव्या टोकाकडे धावल्याचा आवाज आला. कविताला तो सापडला होता आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

मी पोचलो तेव्हा शेवंतामायनं त्याच्या अंगातला सदरा फाडून काढला होता आणि पाण्याच्या डब्यातलं पाणी ओतून ती त्याचं अंग धूत होती. तोंडातून लाळ, कपडे ओले, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पंप बंद होता. पडण्याआधी त्यानंच केला असावा, आवाज द्यायला.

"फटफटी काढा, गुरुजी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "गनेश, तू मांगं बस. याले मधात धर. अन् आयका, दवाखान्यापर्यंत याचा हुंकार तुटू देऊ नका."

"कसा?" मी मूर्खासारखं विचारलं.

"गोष्ट सांगा."

दारव्ह्याच्या रस्त्यावर मी फटफटी चालवत होतो, मिलिंदचं डोकं माझ्या पाठीवर, गणेशचे दोन्ही हात त्याच्या बगलेतून माझ्या कमरेला. आणि मी, ज्यानं देवमाशाचं पुस्तक दाखवलं होतं तो, वाऱ्यात ओरडून पानघोराची गोष्ट सांगत होतो. नीट आठवत नव्हती. नावा, दोर, धुकं. एक वाक्य सांगायचं आणि थांबायचं. मानेपाशी ओला, बारीक हूं यायचा. मग पुढचं वाक्य. एका वळणावर हूं आला नाही. गणेशनं त्याला गदागदा हलवलं. "मिलिंद! बोल बे! याडी काय म्हनन मले?" मी तेच वाक्य पुन्हा ओरडलो, आणखी एकदा ओरडलो. समोरून येणारी काळी जीप बाजूला झाली, आतल्या लोकांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. शेवटी मी गोष्ट सोडून दिली आणि खरं ते बोललो. "मिलिंद, तुझा हुंकार मी दिला रे. मघाशी. मी दिला."

बऱ्याच वेळानं मानेपाशी हूं आला.

तो वाचला. दारव्ह्याहून त्याला यवतमाळला हलवलं, आणि कितीतरी दिवसांनी तो घरी आला. एका डोळ्यानं कायमचं अंधुक दिसतं, हात थरथरतो. पंप त्यानं पुन्हा पाठीवर घेतला नाही. आता दारव्ह्याच्या बाजारात भाजी विकतो. मला बघितलं की दोन लिंबं जास्त टाकतो, आणि मी ती नाकारू शकत नाही.

शेवंतामाय मला कधी काही बोलली नाही. गावातही तिनं सांगितलं नाही. बबनला वाटत होतं, चुकून त्याच्याच तोंडून दोन हुंकार गेले असतील. तो बरेच दिवस स्वतःला शिव्या देत फिरला. त्यालाही खरं मीच सांगितलं, पण फार उशिरा, आणि तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या ना, गुरुजी," जे मला जास्त लागलं.

मिलिंद घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी टोळी पुन्हा आमच्या वावरात होती. मी निंबाखाली बसलो होतो, पुस्तक न उघडता. गोष्ट सुरू झाली. त्या दिवशी शेवंतामायचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. धुऱ्यापर्यंत यावा इतका.

"मंग पानघोरानं काय केलं?" ती म्हणाली. "इतके वर्सं तो पान्याखाली हुंकार आयकून राह्यला होता. आयकू आयकू शिकला. त्यानं एक मानूस गियला, अन् त्या मानसाच्या जाग्यावर सोताच हूं म्हनला. अगदी बरोबर. शिकल्यासवरल्यावानी."

विळे थांबले. आठ हुंकारांतला एकही आला नाही. रुखमानं धुऱ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"मंग वं माय?" कविता हळूच म्हणाली.

"मंग काय? नावेवाल्यायनं रीत बदलली. तवापासून कोनी दुसऱ्याचा हुंकार देत नाई. कोनाचा राह्यला तं राहू द्याचा, अन् उठून पाहाले जाचं." ती थांबली. "द्या."

आठ हुंकार आले. मी कुठल्या रांगेत नव्हतो, माझा कोणी मागितला नाही. पण त्या दिवशी मी तो मनातल्या मनात दिला. तो बसलेल्या माणसाचा होता हे मलाही ऐकू आलं.

पानघोर शेवटी मेला का, हे बाया तिला नेहमी विचारत. एकदा मीही विचारलं. ती म्हणाली, "त्याले मारून टाकलं तं ह्या बाया कायले बोलतीन?" मी शाळेत इतकी वर्षं हजेरी घेतली. हजेरी कशासाठी असते याची इतकी स्वच्छ व्याख्या मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती, आणि प्रशिक्षणं मी पुष्कळ केली होती, चहाबिस्किटांसकट.

तिला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या पावसाळ्यानंतर. गुडघे गेल्यामुळे तिला निंदायला बसता येत नव्हतं, पण घरी राहवत नव्हतं. सून सकाळी तिला आपल्याबरोबर आणी आणि निंबाखाली पोत्यावर बसवी. मी सेवानिवृत्त, मीही तिथेच. आम्ही दोघं एका झाडाखाली बसत होतो आणि फारसं बोलत नव्हतो. तिच्या मांडीवर तिचा जुना विळा, मुठीला निळा दोरा गुंडाळलेला. टोळी आता कविताची होती. मधल्या तासावर ती, आणि गोष्टही तिचीच. आवाज सासूपेक्षा बारीक, पण थांबायच्या जागा त्याच.

त्या दिवशी कविता अशीच थांबली. डावीकडून हुंकार सुरू झाले. आठ आले. कविता पुढे बोलेना. सगळ्या बायांचे विळे हवेत. त्यांच्या रांगेत नववा हुंकार आता धुऱ्यावरून शेवंतामायचा असे, आणि तो आला नव्हता.

मी शेवंतामायकडे बघितलं. तिची मान खाली होती, नेहमीसारखीच. डोळे मिटलेले होते की मातीकडे लागलेले, ते माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. छाती हलते का, तेही कळत नव्हतं. कविता उठून उभी राहिली. विळा तिच्या हातातून खाली पडला. माझ्या घशाशी आवाज आला होता. मी तो तिथेच धरून ठेवला. जीव गेला तरी मी तो देणार नव्हतो.

कवितानं पहिलं पाऊल टाकलं.

"हूं," निंबाखालून, माझ्या शेजारून, आवाज आला. बारीक, बसलेल्या माणसाचा.

कविता क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली वाकून तिनं विळा उचलला आणि पुढचं वाक्य सांगितलं.